पेन्सिलीतला तांब्या

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, जुन्या चित्रांच्या प्रदर्शनानिमित्त केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि सांगितले आहे, "खालच्या प्रदर्शनातली कोणतीही एक वस्तू निवड आणि तिच्यावर बोल." प्रदर्शनात ढाली आहेत, कबड्डीच्या संघाचे फोटो आहेत, हस्तलिखित अंक आहेत. सकाळपासून सगळ्यांत जास्त गर्दी वर्गाच्या ग्रुप फोटोंसमोर आहे, कारण प्रत्येकजण तिथे स्वतःलाच शोधतो आहे. ते साहजिकच आहे. मी मात्र दाराजवळच्या बोर्डावर टाचणीने लावलेल्या एका कागदावर बोलणार आहे. त्यावर पेन्सिलीने काढलेला एक पितळी तांब्या आहे. बस्स, एवढेच.

मी चित्रकार नाही, हे आधी सांगतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा दिल्या, त्यापुढे आयुष्य सुतात आणि कापडात गेले. तेव्हा हे एका जाणकाराचे रसग्रहण नाही. चित्रकलेच्या तासाला बसलेल्या एका मुलाने दुसऱ्या मुलाच्या चित्राकडे पाहणे, असे समजा.

चित्र कोणी काढले ते कळत नाही. मागच्या बाजूला फक्त "आठवी ब, ३१" असे लिहिले आहे. साल नाही, नाव नाही. परीक्षेचे कागद तपासायला जातात ते परत येत नाहीत, म्हणून हा सरावाचा कागद असणार. चित्रकलेच्या हॉलमधले कपाट आवरताना तो सापडला. पाव इम्पीरियल, म्हणजे आपल्या ओळखीचा पंधरा इंच बाय अकरा इंचाचा कागद. कडा पिवळ्या पडल्या आहेत. मधोमध एक स्टूल, स्टुलावर तांब्या, डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, आणि उजवीकडे स्टुलाच्या फळीवर पडलेली सावली.

आता हे चित्र पाहायचे कसे? माझ्या मते ते काढताना हात ज्या क्रमाने गेला असेल, त्याच क्रमाने आपण डोळे न्यावेत. आधी रेषा, मग छटा, आणि शेवटी मोकळा सोडलेला कागद.

रेषांपासून सुरू करू. जवळ जाऊन पाहिले तर तांब्याच्या मधून वरपासून खालपर्यंत एक फिकट उभी रेघ गेलेली दिसते. ती नंतर खोडरबराने पुसली आहे, पण कागदावर तिचा वळ राहिला आहे. हा आस. तांब्या डावीकडे जितका फुगतो तितकाच उजवीकडे फुगला पाहिजे, त्यासाठी आधी ही रेघ मारायची. मग हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरायची आणि अंगठ्याने उंची मोजायची. तीच पेन्सिल आडवी करून रुंदी मोजायची. उंचीत रुंदी कितीदा बसते, पोट कुठे सर्वांत रुंद आहे, गळा पोटाच्या किती पट अरुंद आहे. वर्गात चाळीस मुले एक डोळा मिटून अंगठे सरकवत बसली की बाहेरून जाणाऱ्याला हसू यायचे. पण जगातल्या कोणत्याही चित्रशाळेत प्रमाण मोजायची ही पद्धत हीच आहे. पट्टी लागत नाही, पैसे लागत नाहीत.

त्यानंतर तांब्याचे तोंड. तांब्याचे तोंड गोल असते हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक आहे, म्हणून तिसरीतले मूल वर गोल काढते आणि खाली सरळ रेघ मारते, कारण तांब्या टेबलावर सपाट बसतो हेही त्याला ठाऊक असते. पण आपण बसून पाहतो तेव्हा तोंड गोल दिसत नाही, लंबवर्तुळ दिसते. आणि बुडाची रेघ सरळ दिसत नाही, ती खाली झुकलेली दिसते. गंमत अशी की बूड नजरेच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली असते, म्हणून बुडाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त गोल यायला हवा. हे डोक्याला पटत नाही. डोळ्याला मात्र दिसते, पाहिले तर.

आठवी ब मधल्या या एकतिसाव्या मुलाने की मुलीने बुडाची रेघ आधी जवळजवळ सरळ काढली होती. ती पुसल्याची खूण आहे. शेजारी सरांच्या अक्षरात दोन शब्द आहेत: "पुन्हा पाहा." सरांनी "चूक" असे लिहिले नाही, "पुन्हा काढ" असेही लिहिले नाही. आणि दुसरी रेघ बरोबर आली आहे. ती सरांनी काढून दिलेली नाही, कारण दाब तोच आहे, पेन्सिल तीच आहे, हात तोच आहे. त्या दोन रेघांच्या मध्ये जे घडले, ते माझ्या दृष्टीने या कागदावरचे सर्वांत मोलाचे काम आहे. जे ठाऊक आहे ते काढायचे सोडून जे दिसते आहे ते काढायला एक मूल त्या दुपारी शिकले.

आता छटा. पेन्सिलीच्या आत शिसे नसते, ग्रॅफाइट आणि माती असते. १७९५ साली फ्रान्समध्ये निकोला कोंते याने ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून, भाजून कांड्या करण्याची रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. आपल्या कंपासपेटीतल्या एचबी, टू बी, फोर बी, सिक्स बी या त्याच हिशेबाच्या पायऱ्या. या चित्रात तीन तरी पेन्सिली वापरल्या आहेत. आराखडा एचबीचा, मधल्या छटा टू बीच्या, आणि गळ्याखालची खोलगट जागा व बुडालगतची सावली त्याहून काळ्या पेन्सिलीची.

मातीचे मडके आणि पितळेचा तांब्या यांची छटा सारखी नसते. मडक्यावर उजेड हळूहळू मावळत जातो. घासलेल्या पितळेवर तो उड्या मारतो; अगदी पांढऱ्याच्या शेजारी अगदी काळे येते, कारण पितळ आरशासारखे आजूबाजूचे सगळे आपल्यात ओढून घेते. या चित्रात डाव्या पोटावर खिडकीचा उभा पांढरा पट्टा आहे आणि त्याला खेटूनच गडद पट्टा आहे. पेन्सिलीला रंग नसतो, तरी हे भांडे पितळेचे आहे याबद्दल शंका राहत नाही. पिवळ्या रंगाचा एक कणही न वापरता पितळ दाखवता येते, ही साधी गोष्ट नाही.

उजव्या कडेला आणखी एक बारकावा आहे. सावलीची बाजू कडेपर्यंत काळी होत गेलेली नाही. अगदी काठाशी एक फिकट झिलई परत आली आहे. स्टुलाच्या फळीवरून उलटलेला उजेड तो. ज्याला हा परावर्तित प्रकाश दिसला नाही, त्याचा तांब्या कागदाला चिकटतो. ज्याला दिसला, त्याचा तांब्या गोल फिरतो आणि त्यामागे हवा आहे असे वाटते.

आणि सोडलेला कागद. वरच्या काठावरचा सर्वांत लखलखीत ठिपका काढलेला नाही. तिथे पेन्सिल टेकवलेलीच नाही, तो कोरा कागद आहे. सगळीकडे हात फिरवायचा आणि बरोबर त्या एका जागी थांबायचे, याला संयम लागतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी तर फारच लागतो.

मित्रहो, आता मी तुम्हाला या चित्रातल्या दोन गोष्टी दाखवतो. त्यांच्यामुळेच मी हे निवडले.

पहिली, तांब्याच्या पोटावर कोरलेले नाव. आपल्याकडे लग्नात, मुंजीत भांडी द्यायची तर त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून द्यायची पद्धत होती. या तांब्यावरही ते आहे. "सौ." स्पष्ट दिसते, पुढची दोन अक्षरे दिसतात, आणि मग अक्षरे अरुंद होत होत पोटाच्या वळणाआड जातात. शेवटचे अक्षर अर्धेच आहे. त्या मुलाला पूर्ण नाव सहज वाचता आले असते. जागेवरून उठून तांब्या फिरवला की झाले. पण बसल्या जागेवरून जेवढे दिसले तेवढेच त्याने काढले. नाव कोणाचे ते त्यामुळे आपल्याला कधीच कळणार नाही. पण ती अर्धवट अक्षरे पोट किती गोल आहे हे कोणत्याही छटेपेक्षा जास्त चांगले सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पोचा. उजवीकडे खाली तांब्याला एक पोचा आहे. तिथे उजेड मोडतो, छोटीशी सावली पडते, कडेची रेघ किंचित आत जाते. समतोल सुंदर हवा असता तर हा पोचा सोडून देणे सोपे होते. उभ्या आसाचा नियमही तेच सांगतो, दोन्ही बाजू सारख्या. मुलाने आसाचा नियम पाळला आणि पोचाही ठेवला. त्यामुळे हा पुस्तकातला तांब्या राहिला नाही. कोणाच्या तरी घरातला, नळावर कितीदा तरी आपटलेला, एकमेव असा तांब्या झाला. कोणीतरी तो शाळेला दिला, कारण वस्तुचित्राच्या फळीवरची भांडी अशीच घराघरांतून आलेली असत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तांब्यात एवढे काय! तर हा प्रश्न मोठमोठ्यांनी स्वतःला विचारला आहे. भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याला बोलावले होते. ते देशभर हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये सर्वांत वरचे स्थान कशाला दिले असेल? लोट्याला. म्हणजे आपल्या तांब्याला. असे भांडे कोणा एका माणसाने बसून आखले नाही, पिढ्यान्पिढ्यांच्या वापरातून ते घडले, असे त्यांचे म्हणणे होते. आणि मग ते प्रश्न विचारत जातात: त्यात पाणी किती मावावे? ते उचलणारा हात केवढा? डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचे? भरलेले असताना तोल कुठे राहतो, रिकामे असताना कुठे? ओतताना धार कशी पडते? आतून घासायला हात जाईल एवढे तोंड आहे का? हाताला गार लागते की गरम? उन्हात दिसते कसे?

या प्रश्नांची यादी घेऊन पुन्हा आपल्या चित्रासमोर उभे राहा. गळा एवढाच का अरुंद, हे चित्रात दिसते; चार बोटे आणि अंगठा तिथे धरतात म्हणून. काठ बाहेर का वळला आहे, तेही दिसते; बोटे सरकू नयेत आणि धार नीट पडावी म्हणून. आठवीतल्या मुलाला ईम्सचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पाऊण तास त्या गळ्याच्या बाकाशी झटल्यावर हाताला हे उत्तर आपोआप समजते.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. चित्रकार प्रभाकर बरवे. १९३६ साली रायगड जिल्ह्यातल्या नागावला जन्म, जे. जे.मधून १९५९ साली शिक्षण पूर्ण, १९९५ साली निधन. भिवंडीकरांनी त्यांचे नाव आवर्जून लक्षात ठेवावे, कारण त्यांनी अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, आधी वाराणसीला आणि मग मुंबईला. म्हणजे मागाचा आणि त्यांचा संबंध होता. घड्याळ, पान, शिंपला असल्या हाताशी असणाऱ्या वस्तू त्यांच्या चित्रांत येतात. चित्र काढण्याआधी काय होते, वस्तू आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा यांचे नाते काय, यावर त्यांनी 'कोरा कॅनव्हास' नावाचे पुस्तक मराठीत लिहिले. ज्यांच्या घरात नातवंडे चित्रे काढतात, त्यांनी ते जरूर घरात आणावे.

आणि तिसरे, दूरचे. इटलीतल्या बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांदी नावाचा चित्रकार होऊन गेला, १८९० ते १९६४. तो सुरुवातीला प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवत असे. आयुष्यभर त्याने मुख्यतः बाटल्या, बरण्या, डबे, सुरया काढल्या. त्याच त्या, थोड्या इकडे सरकवून, थोड्या तिकडे सरकवून. जगभरची संग्रहालये ती चित्रे आज जपून ठेवतात. कोणी म्हणेल, पन्नास वर्षे बाटल्याच? पण तो बाटल्यांना कंटाळला नाही, कारण उजेड रोज वेगळा असतो.

आता आपल्या गावाकडे येतो. भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. आपल्यातले कितीतरी जण शाळा सुटल्यावर कारखान्यातच गेले. मी ग्रे कापडाच्या तपासणीला बसायचो. ताका टेबलावरून पुढे सरकत जातो आणि तुम्ही पाहत राहता. ताण्याचा धागा तुटला आहे का, बाण्याची जाड-बारीक पट्टी आली आहे का, तेलाचा डाग आहे का. कापड एकसारखेच असते, म्हणूनच डोळा झोपतो. डोळा जागा ठेवायचा कसा, हे मला कोणत्याही मालकाने शिकवले नाही. ते मी वस्तुचित्राच्या फळीसमोर शिकलो होतो. हे मी कृतज्ञतेने सांगतो आहे, भाषणात शोभावे म्हणून सांगत नाही.

आणखी एक. आपल्या गावात मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशा अनेक भाषांतून मुले शिकतात. मी इंटरमिजिएटला बसलो तेव्हा माझ्या एका बाजूला उर्दू माध्यमाचा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला पद्मानगरचा, घरी तेलुगू बोलणारा. समोर एकच मांडणी. मी मनात तांब्या म्हणत होतो, तो लोटा म्हणत असेल, तिसरा चेंबू. एकमेकांची भाषा धड येत नव्हती. पण मधल्या सुट्टीत तिघांची चर्चा एकच होती: बुडाचा बाक कोणाचा बरोबर आला? बोटाने हवेत लंबवर्तुळे काढून आम्ही भांडत होतो. या गावाने बरेवाईट बरेच दिवस पाहिले आहेत. अशा गावात तीन घरची मुले एका भांड्याकडे एकाच वेळी लक्ष देऊन पाहतात, याचे मोल मला वय वाढत गेले तसे जास्त कळले.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा नाजूक आहे.

हे चित्र ज्या कपाटात सापडले, तो चित्रकलेचा हॉल आता मोकळा करायचा विचार चालला आहे, असे कानावर आले. सर निवृत्त झाले, त्या जागेवर पूर्णवेळ शिक्षक आले नाहीत. हे आपल्याच शाळेत घडले असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे. म्हणजे कला हा विषय आहे, पण तो शिकवणारा माणूस शाळेत पूर्ण दिवस असलाच पाहिजे असे नाही. दुसरीकडे, श्रेणी परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून परीक्षेला बसणारी मुले पुष्कळ आहेत. गुणांना माझा विरोध नाही; मुलांना दोन गुण जास्त मिळाले तर आनंदच आहे. पण वर्षभर समोर भांडे न ठेवता, तयार चित्रावरून तांब्या गिरवून परीक्षा पार पडू शकते. तसे झाले तर गुण मिळतील, आणि "पुन्हा पाहा" हे दोन शब्द त्या मुलाला कोणी कधीच सांगणार नाही.

व्यवस्थापनाच्या अडचणी मला माहीत आहेत. खोल्या कमी आहेत, संगणक कक्ष हवा आहे, मुलांना तोही मिळालाच पाहिजे. म्हणून मी तक्रार करत नाही, तीन गोष्टी सुचवतो. एक, आपल्या मेळाव्याच्या निधीतून जी रक्कम उरेल, तिच्यातला एक वाटा चित्रकलेच्या तासाला येणाऱ्या शिक्षकाच्या मानधनासाठी राखून ठेवावा. दोन, संपूर्ण हॉल देता येत नसेल तर खिडकीजवळचा कोपरा तरी ठेवावा. उत्तरेचा उजेड येतो तो कोपरा. दिवा लागत नाही, फक्त एक फळी, दोन स्टुले आणि बसायला बाक. आणि तीन, ही गोष्ट आपल्या हातातली आहे, आजपासून करता येईल: प्रत्येकाने घरातले एक जुने भांडे शाळेला द्यावे. माळ्यावर पडलेला स्टोव्ह, फुटक्या काचेचा कंदील, कल्हई गेलेले पातेले, बिनकानाचा कप, पोचे आलेला डबा. नवे, चकचकीत आणू नका. ज्याच्यावर वापराच्या खुणा आहेत, तेच आणा. मुलांना पाहण्यासारखे त्यातच जास्त असते.

जेवणाची वेळ झाली आहे आणि खालून मसालेभाताचा वास येतो आहे, त्यामुळे तुम्हाला जास्त अडवत नाही. जेवायला जाताना दाराजवळच्या त्या बोर्डापाशी एक मिनिट थांबा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. आधी तोंडाचे लंबवर्तुळ पाहा, मग बूड, मग ती अर्धी अक्षरे. आणि तुमच्यापैकी कोणी आठवी ब मधला एकतीस नंबर असेल, तर कृपया संयोजकांना भेटा. तुमचा कागद टाचणीवर लावला आहे, त्याला चौकट करायची आहे.

सर, आपण समोर बसला आहात. आपले "पुन्हा पाहा" अजून पुसले गेलेले नाही.